अंगातले बिऱ्हाडकरू

दसरा जवळ आला की आमच्या भागातल्या दवाखान्यांची गर्दी बदलते. एरवी ताप, खोकला, पोरांचे जुलाब असे चाललेले असते. दसऱ्याच्या आगेमागे मात्र बायका जास्त येतात आणि त्यांना एकच घाई असते. टोळी निघायच्या आत जे काय असेल ते उरकून टाकायचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती खर्चही झालेली असते, आणि एकदा कोयता हातात आला की पाच-सहा महिने आजारी पडायला सवड नसते. एक दिवस कोपीत पडून राहिले तरी खाडा धरला जातो.

अशाच दिवसांत धारूर तालुक्यातली एक बाई आली. वय अठ्ठावीस. तीन लेकरे, मूल बंद होण्याचे ऑपरेशन झालेले. सोबत तिची जाऊ, वयाने दोन-तीन वर्षांनी मोठी. बाईने बसायच्या आधीच सांगून टाकले, "बाई, पिशवी काढायचीय. पण दिवाळीच्या आत उठून कामाला लागता आलं पाहिजे."

"कुणी सांगितलं काढायला?"

"सांगायचं काय त्यात? दोन वर्षं झाली, अंगावरून पांढरं जातंय. वास येतोय. कंबर तर अशी दुखती की मोळी उचलवत नाही. जावंनं काढली, नणंदेनं काढली. आता मीच राहिले."

पिशवीतून सोनोग्राफीचा कागद निघाला. त्यावर 'पिशवीला सूज' एवढाच शेरा होता. त्या कागदामागे भीती मात्र मोठी होती. आज सूज आहे, उद्या कॅन्सर होईल, असे तिला कुणीतरी सांगितले होते. शिवाय दोन वर्षांत पाच ठिकाणी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे तिने जपून आणली होती. सर्दीसाठी एक, जुलाबासाठी एक, पांढऱ्यासाठी तीन. त्यातली चार पाकिटे वेगवेगळ्या प्रतिजैविकांची होती.

त्या दिवशी मी तिला जे सांगितले, तेच आज या सदरात थोडे विस्ताराने लिहीत आहे. सुरुवात मात्र दवाखान्यापासून न करता शेतापासून करते, कारण तिच्याशीही मी तिथूनच सुरुवात केली होती.

मुळावरच्या गाठी

तिला विचारले, "घरी काय पेरता?" तर दोन एकर कोरडवाहू, त्यात तूर आणि सोयाबीन. "खुरपताना तूर उपटली तर मुळाला बारीक गाठी दिसतात, त्या पाहिल्यास का?" पाहिल्या होत्या. तिला वाटे ती कीड आहे.

ती कीड नव्हे. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. हवेत शेकडा ७८ भाग नत्र असतो, पण कोणत्याही झाडाला तो हवेतून थेट घेता येत नाही. हे जीवाणू तो घेतात आणि झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देते आणि राहायला जागा देते. ही जागा झाड मुद्दाम बांधून देते. मूळ जमिनीत एक विशिष्ट पदार्थ सोडते, तो ओळखून जीवाणू जवळ येतात, मुळावरचा केस त्यांच्याभोवती वळतो आणि त्यांना आत घेतो. आमंत्रण दिल्यावाचून सहसा कुणी आत येत नाही. १८८८ साली हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवले. आपला शेतकरी मात्र कडधान्याचे बेवड चांगले असते हे त्याच्या कितीतरी आधीपासून जाणून होता.

शेतात गेलात तर अशी एक गाठ नखाने फोडून पाहा. चांगली काम करणारी गाठ आतून गुलाबी-लालसर असते. हा रंग कशाचा, हे वाचून मी कॉलेजात असताना थक्क झाले होते. आपल्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, त्याच्याच कुळातले लोहयुक्त द्रव्य त्या गाठीत असते. जीवाणूंना प्राणवायू मोजूनमापून मिळावा म्हणून तुरीचे झाड ते तयार करते. गाठ आतून हिरवट किंवा करडी निघाली तर समजावे की तिचे काम थांबले आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे जिवाणू खत बऱ्याच जणांनी वापरले असेल. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचे आणि सावलीत सुकवायचे. ज्यांनी वापरले त्यांना दोन गोष्टी ठाऊक असतात. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जीवाणू शेवटी. आणि युरियाचा मारा केला तर गाठी धरत नाहीत. नत्र आयता मिळाला की झाड बिऱ्हाडकरूंना जागा देत नाही. या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सर्जाचे पोट

मी सहावी-सातवीत असताना माहेरी, गेवराईकडे, आमचा सर्जा नावाचा बैल रात्री दावे तोडून खळ्यावर गेला आणि ज्वारीच्या राशीत तोंड घालून पोटभर जेवला. सकाळी तो बसलेला. रवंथ बंद. पोट फुगलेले, शेण पातळ आणि आंबूस. उठवले तर झोकांड्या जाऊ लागला. वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. ऐन कामात बैल जाणे म्हणजे काय, हे या जिल्ह्यात सांगायला नको.

बैल गवत खातो असे आपण म्हणतो. खरे तर कडबा पचवण्याची ताकद बैलात नाहीच. कडब्यातला जो चिवट भाग, तो फोडणारे द्रव्य त्याचे शरीर बनवत नाही. त्याच्या पहिल्या, मोठ्या पोटात जीवाणूंचे अक्षरशः गाव वसलेले असते. तिथल्या एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या घरात जीवाणू निघतात. ते कडबा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या सौम्य आम्लांवर बैलाची सुमारे ७० टक्के ताकद चालते. टायरगाडीला जुंपलेला बैल उसाचे वाढे खाऊन चार-चार महिने ओझे ओढतो, तो या सूक्ष्म गावकऱ्यांच्या जिवावर. एवढेच नव्हे, तर हेच जीवाणू पुढच्या पोटात जातात तेव्हा बैल त्यांनाही पचवतो आणि आपली प्रथिने भागवतो. भाडे वसूल करण्याची ही पद्धत जरा कडक आहे खरी.

सर्जाच्या बाबतीत घोटाळा असा झाला की एकदम आलेल्या धान्यामुळे झटपट आम्ल करणारे जीवाणू माजले. पोटातला रस इतका आंबट झाला की कडबा पचवणारे जुने बिऱ्हाडकरू मेले. जनावरांच्या डॉक्टरांनी खायचा सोडा पाण्यात घालून बांबूच्या नळकांड्याने पाजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केले ते पाहून आजी ओकारी काढत घरात गेली. आमचा दुसरा बैल पवळ्या रवंथ करत होता. त्याच्या तोंडातला घास त्यांनी हात घालून काढला, कोमट पाण्यात कालवला आणि सर्जाला पाजला. चौथ्या दिवशी सर्जा रवंथ करू लागला.

डॉक्टर म्हणाले, "औषधाने आग विझली. पण जळालेल्या गावात माणसं पुन्हा वसवायला नकोत का?"

हे वाक्य मला पुढे एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत कुणी सांगितले नाही. आम्हाला जंतू म्हणजे शत्रू एवढेच शिकवले गेले. त्यात शिकवणाऱ्यांचाही दोष नाही. पटकी, धनुर्वात, क्षय यांनी माणसे मारली होती आणि प्रतिजैविकांनी ती वाचवली होती.

माणसाचे काय?

माणसाच्या अंगावर व अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा २०१६ सालचा हिशेब आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. पूर्वी पुस्तकांत 'पेशींच्या दहापट जंतू' असे छापत, ते आता मागे पडले आहे. वजन केले तर हे सगळे पावशेराच्या आतबाहेर भरतील. बहुतेक वस्ती मोठ्या आतड्यात असते.

ते तिथे काय करतात? आपण ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी खातो त्यातला काही भाग आपल्याला पचत नाही. तो खाली उतरतो आणि हे जीवाणू तो आंबवतात. त्यातून जी आम्ले निघतात, त्यातल्या एकावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. म्हणजे सर्जाचे जे चालते तेच लहान प्रमाणावर आपलेही चालते. डाळ जास्त झाली की जो वारा सरतो, तो याच कारखान्याचा धूर. रक्त गोठायला लागणारे के जीवनसत्त्व काही प्रमाणात हे जीवाणू बनवतात. नवजात बाळाच्या पोटात ही वस्ती अजून बसलेली नसते आणि आईच्या दुधातही ते जीवनसत्त्व कमी असते, म्हणून जन्मताच बाळाच्या मांडीत के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. काही घरांत अजून "एवढ्याशा जिवाला सुई कशाला" म्हणून अडवतात. अडवू नये.

बाळाचा विषय निघालाच आहे तर आईच्या दुधाचे एक नवल सांगते. दुधात साखर आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्या घन पदार्थाचे प्रमाण असते, तो एका विशेष प्रकारच्या साखरेच्या साखळ्यांचा असतो. गंमत अशी की बाळाला तो पचतच नाही. मग आई तो कशासाठी बनवते? तो बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूंसाठी असतो. आई एकाच वेळी दोघांना पाजत असते, लेकराला आणि त्याच्या बिऱ्हाडकरूंना. चीक पिळून टाकणे, पहिल्या दिवशी मध किंवा गुळाचे पाणी चाटवणे या चाली आपल्याकडे अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. त्यांनी बाळाच्या पोटात नको ते पाहुणे आधी शिरतात.

ओडिशातल्या १४९ खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या निम्म्या बाळांना सात दिवस एक चांगला जीवाणू आणि त्याचे खाद्य दिले, निम्म्यांना दिले नाही. न दिलेल्यांत शेकडा ९ बाळांना रक्तात जंतू शिरण्याचा आजार किंवा मृत्यू आला. दिलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ५.४ होते. म्हणून कुणी दुकानातून कुठलीही पुडी आणून बाळाला चाटवू नये. तो जीवाणू नेमका निवडलेला होता.

आता प्रतिजैविके. जुलाबाच्या पोराला, सर्दीच्या म्हाताऱ्याला पहिली काही वर्षे मीही सर्रास प्रतिजैविक लिहून देत असे. लोकांना लवकर गुण हवा असतो, आणि नाही लिहिले तर "या बाईला काही येत नाही" म्हणून ते पुढच्या दवाखान्यात जातात. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात. विषाणूला हे औषध लागू पडत नाही, पोटातल्या वस्तीला मात्र लागते. मीठ-साखर-पाण्याची पुडी आणि १४ दिवस झिंकची गोळी एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. शेणात रक्त, जोराचा ताप, निपचित पडणे असे काही असेल तर गोष्ट वेगळी.

काही रुग्णांत तर प्रतिजैविकांनी आतडे असे ओसाड होते की तिथे एकच दुष्ट जीवाणू माजतो आणि औषध देऊनही जुलाब परत परत येतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा गाळलेला अर्क नळीने आतड्यात दिला. १६ पैकी १५ जण बरे झाले. नुसत्या औषधावर ठेवलेल्या १३ पैकी ४. हा अभ्यास २०१३ सालचा. वाचताना मला पवळ्याच्या तोंडातला घास आठवला.

बाईच्या अंगाची राखण

इथवर ऐकून ती बाई म्हणाली, "पोटाचं कळलं. पण माझं दुखणं पोटाचं नाही ना बाई."

खरे आहे. तिच्या दुखण्याची जागा योनिमार्ग ही होती, आणि ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही त्यावर वर्तमानपत्रात लिहिताना मलाही थोडे अवघडल्यासारखे होते. पण आता लिहिते.

१८९२ साली डोडर्लाइन नावाच्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने दाखवले की निरोगी बाईच्या योनिमार्गात एका प्रकारचे जीवाणू राहतात. हे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आपल्या विरजणातल्या जंतूंचे चुलतभाऊ. बाईच्या अंडाशयातून जो संप्रेरक पाझरतो, त्यामुळे योनीच्या अस्तरात एक प्रकारचा पिष्टसाठा होतो. त्यावर हे जीवाणू जगतात आणि बदल्यात लॅक्टिक आम्ल तयार करतात. ही आंबटपणाची पातळी दह्यासारखीच असते. त्या आंबटपणात बाहेरचे बहुतेक जंतू तग धरत नाहीत. तुरीच्या गाठीसारखाच हा व्यवहार. अंडाशय खाऊ घालते, जीवाणू राखण करतात. सगळ्याच निरोगी बायकांत यांचे राज्य असते असे नाही, पण बहुतेकींत असते.

म्हणून थोडे पांढरे जाणे हा आजारच नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढते, गरोदरपणात वाढते. वास नाही, खाज नाही, तर त्याला औषध नाही. पांढरे गेल्याने हाडे झिजतात, अंगातले सत्त्व जाते, हा समज खोटा आहे. उसाच्या फडात दिवसभर वाकून मोळ्या उचलणाऱ्या बाईची कंबर दुखते ती मोळ्यांनी.

वास येणारे, पातळ, करड्या रंगाचे पाणी जात असेल, मासळीसारखा वास येत असेल, तर राखण करणारे जीवाणू कमी होऊन दुसऱ्यांनी जागा घेतली आहे असे समजावे. दह्याच्या चोथ्यासारखे आणि भयंकर खाज, तर बुरशी. प्रतिजैविकांच्या गोळ्या खाल्ल्यावर ही होऊ शकते. वारंवार होत असेल तर लघवी-रक्तातली साखर तपासावी. फेसाळ, पिवळे-हिरवे जात असेल तर तो नवरा-बायकोत एकमेकांना लागणारा आजार, आणि त्यात दोघांनी गोळी घ्यायची असते. तिघांची औषधे निराळी आहेत. एकाच पुडीत तिन्ही कोंबून देणे ही आमच्या धंद्यातली वाईट सवय आहे.

माझ्या रुग्णाला मी तपासले. गर्भाशयाचे तोंड साफ होते. साधी कागदी पट्टी लावून पाहिली, आंबटपणा गेलेला होता. ती रोज आतून साबणाने आणि जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होती, स्वच्छता म्हणून. म्हणजे बुरशीनाशक शेवटी लावल्यासारखे झाले. त्यात चार वेळची प्रतिजैविके. राखणदार उरणार कुठून? यावरचे औषध सात दिवसांच्या गोळ्यांचे आहे आणि स्वस्त आहे. तेही प्रतिजैविकच आहे, पण ते दुसऱ्यांना मारते आणि लॅक्टोबॅसिलसला फारसे लागत नाही. प्रतिजैविक वाईट नसते, कुणावर सोडले हे पाहावे लागते. निम्म्याहून जास्त बायकांना हा त्रास वर्षभरात पुन्हा होतो, हेही मी तिला लपवले नाही. पुन्हा झाला तर पुन्हा औषध. आत काही घालून धुवायचे नाही. दही, लिंबू, तुरटी काही नाही. बाहेरून साध्या पाण्याने. ताक जरूर प्यावे, पण त्याने हा आजार जात नाही.

पिशवी काढल्याने काय होते?

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या जावेने विचारले, "मग बाई, माझी पिशवी काढून चार वर्षं झाली. माझं पांढरं अजून का जातंय?"

या प्रश्नाने मी क्षणभर थांबले. उत्तर साधे आहे. ज्या जीवाणूंचा बिघाड असतो ते पिशवीत नसतात, योनिमार्गात असतात. पिशवी काढली तरी योनिमार्ग तिथेच राहतो. तिच्या कार्डावर पाहिले तर पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढलेले होते, सव्विसाव्या वर्षी. अंडाशय गेले की संप्रेरक गेला, संप्रेरक गेला की पिष्टसाठा गेला, आणि राखणदारांचे जेवणच बंद झाले. मग कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना, वरचेवर लघवीचा जंतुसंसर्ग. फडात आडोसा नसल्याने बाया दिवस दिवस लघवी रोखून धरतात, पाणी कमी पितात, त्यात ही भर. शिवाय तिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात. अंडाशय ठेवले तरी काही जणींत ते लवकर थकतात.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी आपल्या जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांतली एक. वयोगट अगदी तोच नसला तरी तुलनेसाठी सांगते, देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते. यात खाडा वाचवण्याची निकड आहे, मुकादमाचा तगादा आहे, कॅन्सरची भीती आहे, आणि आमच्यातल्या काहींचा लोभही आहे. सगळे दोष गरीब बाईच्या अडाणीपणावर टाकून आम्हाला सुटता येणार नाही. आता खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला आहे, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याविषयीच्या केंद्राच्या सूचना पाळण्यास राज्यांना सांगितले.

पिशवी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. मोठ्या गाठींमुळे थांबत नसलेला रक्तस्राव, अंग बाहेर येणे, कॅन्सर, अशी खरी कारणे असतात. पण नुसते पांढरे जाणे हे कारण नव्हे. 'पिशवीला सूज' या शेऱ्यात तर बहुतेक वेळा काहीच नसते. तीन बाळंतपणे झालेली पिशवी थोडी मोठी दिसणारच.

राहिली कॅन्सरची भीती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात आहे, हे खरे. पण त्यासाठी तपासणी असते. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचले. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी केली तरी पुढच्या टप्प्यातला कॅन्सर आणि त्याने येणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसले. तिशी ओलांडलेल्या बायकांची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, रक्तमिश्रित घाण वासाचे पाणी, पोटाच्या खाली दुखून ताप येणे, यांपैकी काही असेल तर मात्र फडावरून परत यायची वाट पाहू नये. त्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे, मुकादम काही म्हणो.

आणखी एक. पिशवी काढायला कुणी सांगितलेच, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात किंवा बीडला जिल्हा रुग्णालयात. "अंडाशय काढणार का?" हे ऑपरेशनच्या आधी तोंडाने विचारावे. या एका प्रश्नाने पुढची वीस वर्षे बदलतात. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

ती बाई सात दिवसांच्या गोळ्या घेऊन गेली आणि दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघाली, पिशवीसकट. पट्टा पडल्यावर चैत्रात परत आली तेव्हा वास गेलेला होता. फडावर एकदा पुन्हा त्रास झाला होता, तेव्हा तिने माझी जुनी चिठ्ठी तिथल्या सरकारी डॉक्टरांना दाखवून तेच औषध घेतले होते. कंबर अजून दुखत होती.

जावेला मी अंबाजोगाईला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले होते. तिला संप्रेरकाच्या गोळ्या, हाडांसाठी कॅल्शियम आणि आत लावायचे मलम सुरू झाले. मलम पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. निघायच्या आदल्या दिवशी ती एकटीच आली होती. कोपीत ऊन लागून मलम खराब होईल का आणि एक नळी पट्टा पडेपर्यंत पुरेल का, एवढेच तिला विचारायचे होते. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेव म्हटले, आणि दोन नळ्या दिल्या.